न घडलेल्याचा दावा

माझा जीव वाचला तेव्हा मी चहात बिस्किट बुडवत होतो, आणि ते बिस्किट काही वाचलं नाही. खिडकीजवळच्या पलंगावर, पाठीशी दोन उशा, पोटावर चिकटपट्ट्या, डाव्या हाताला सलाईन अशा थाटात मी बसलो होतो. ऑपरेशन तसं मामुली. पित्ताशय काढलं. इतकी वर्षं तो अवयव माझ्यात आहे हे मला जाणवलं नव्हतं आणि आता तो नाही हेही जाणवत नाही. आमच्या ऑफिसातल्या काही माणसांसारखाच. पण कालपासून ताप हटत नव्हता, म्हणून वॉर्डातल्या नर्स मुलीने डॉक्टरांना फोन लावला. फोन माझ्या पायथ्याच्या भिंतीवरच आहे. तिने ऐकलं, मान डोलावली, आणि मग या रुग्णालयातल्या सगळ्याच नर्सेस बोलतात तशी ती बोलू लागली, वर्गात उभं राहून पाढे म्हणावेत त्या सुरात: "परत म्हणते, सर. खिडकीजवळचे काका. पित्ताशयाचं ऑपरेशन. पेनिसिलिन चालत नाही. त्यांना..." इथे तिने एका इंजेक्शनचं नाव घेतलं, "...सकाळ-संध्याकाळ. बरोबर?" मी बिस्किट चहात धरून होतो. मग फोनमधला आवाज इतका वाढला की मलाही ऐकू आला. "थांब. थांब, थांब. काय म्हणालीस? पेनिसिलिन चालत नाही? अगं, मी शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांचं... दोघांचं ऑपरेशन एकाच दिवशी... ते पेनिसिलिनच्याच घरातलं आहे. दिलं नाहीस ना?" "नाही सर," मुलगी म्हणाली, "अजून परतच म्हणतेय." मग दुसरं नाव आलं. तिने खिडकीजवळच्या काकांपासून सगळं पुन्हा म्हटलं आणि "बरोबर?" विचारलं. पलीकडून "बरोबर" आलं, पण ते नेहमीसारखं घाईचं नव्हतं. पायऱ्या उतरताना एक पायरी चुकून सावरलेल्या माणसासारखं होतं. तिने फोन ठेवला. मी कपात पाहिलं. बिस्किट तळाशी गेलं होतं.

घडलं ते एवढंच. म्हणजे काहीच घडलं नाही. माझ्या मनगटावर लाल पट्टी आहे, तिच्यावर 'पेनिसिलिन नको' असं ठळक लिहिलंय. पण फोनला मनगट दिसत नाही. पुढे कुणीतरी अडवलंही असतं. औषधाच्या खिडकीवरच्या माणसाने, किंवा सुई टोचताना खुद्द त्या मुलीने. असतं. या 'असतं'वर मी नंतर बराच वेळ लटकून राहिलो. लहानपणी घसा सुजला म्हणून आमच्या गल्लीच्या डॉक्टरांनी मला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं होतं. दवाखान्याच्या बाहेर पडून आम्ही कोपऱ्यावर पोचेपर्यंत माझे ओठ माझ्या चेहऱ्याला मोठे होऊ लागले. जीभ तोंडात मावेना. खूप लोक एकाच वेळी दारातून आत यायला बघतात तशी हवा घशाशी येऊन अडकत होती. आईने मला उचललं आणि ती उलट पळाली. तिची एक चप्पल रस्त्यात राहिली, आणि मला, गुदमरत असताना, त्या चपलेची काळजी वाटत होती. पुढे आई ही गोष्ट सांगायची तेव्हा नेहमी म्हणायची, "चप्पल गेली ती गेलीच." मी वाचलो याबद्दल तिने कधी अवाक्षर काढलं नाही. आमच्या घरात महत्त्वाच्या गोष्टीला हात न लावता तिच्या शेजारच्या वस्तूबद्दल बोलायची पद्धत होती. ती मी पुढे चालवली आहे.

मुलगी सलाईनचा थेंब बघायला आली तेव्हा मी म्हणालो, "बाळ, तू आत्ता माझा जीव वाचवलास." ती दचकली. "मी? नाही हो काका. मला तर ते त्या घरातलं आहे हेही माहीत नव्हतं, नवंच नाव आहे ते. मी फक्त परत म्हटलं."

"पण म्हटलंस म्हणून तर."

"म्हणावंच लागतं. मोठ्या बाई कुठूनतरी ऐकत असतात."

"त्या तर सकाळनंतर इकडे फिरकल्याही नाहीत."

"फिरकल्या नाहीत तरी ऐकतात," ती म्हणाली, आणि माझ्या कपात डोकावून तिने विचारलं, "दुसरा चहा सांगू?"

मोठ्या बाई म्हणजे या रुग्णालयातल्या तमाम नर्सेसच्या संचालिका. घरी त्या माझी बायको असतात. इथे भरती झाल्यापासून दिवसातून इतक्यांदा 'मोठ्या बाई' ऐकतोय की काल ती पलंगाशी आली तेव्हा मी पाय सरळ केले. परत म्हणण्याचा हा नियम तिचाच. फोनवरून किंवा तोंडी जे काही सांगितलं जाईल ते नर्सने तिथल्या तिथे परत म्हणायचं: माणूस कोण, त्याला काय चालत नाही, काय द्यायचं. आणि सांगणाऱ्याने ऐकून 'बरोबर' म्हणायचं. 'बरोबर' आल्याशिवाय हात हलवायचा नाही. मोठे सर्जन याला पोपटपंची म्हणतात. नर्सेस आपसांत 'मिठू करणे' म्हणतात, "तुझं मिठू झालं का?" वगैरे. आणि आज चारच्या बैठकीत हा नियम ऐच्छिक व्हायचा आहे. ज्याला वाटेल त्याने परत म्हणावं. ऐच्छिक म्हणजे काय हे मला नीट ठाऊक आहे; आमच्या ऑफिसात ऐच्छिक कवायत असते, तिला कुणी जात नाही.

आज सकाळी ती माझ्या पलंगाच्या कडेवर बसली होती. बसली म्हणजे टेकली; रुग्णाच्या पलंगावर बसायचं नाही हाही तिचाच नियम आहे. म्हणाली, "मी आज हो म्हणून टाकणार आहे." मी विचारलं, "कशाला?" "ऐच्छिकला. नवीन पोरी सगळ्या शब्द गिळतात. डॉक्टर फोन कानापासून लांब धरतात. मोठे सर्जन विचारतात, बाई, इतकी वर्षं हे चाललंय, किती जीव वाचले ते दाखवा. काय दाखवू? जे झालंच नाही ते कुठून आणून दाखवू?" मी त्यावर माझ्या धंद्याच्या आवाजात म्हणालो, "त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. न घडलेल्या गोष्टीचा पुरावा नसतो." मी विमा कंपनीत आहे. लोकांचे दावे तपासायचे आणि शक्यतो नाकारायचे, हे माझं काम. मी ते मनापासून करतो. तिथे शिकलेली पहिली गोष्ट हीच की दावा घडलेल्याचा करता येतो. छप्पर पडलं, दावा. छप्पर पडायच्या आदल्या दिवशी कुणीतरी तुळई बदलली, तर दावा नाही, काहीच नाही, त्या माणसाची कंपनीदरबारी नोंदसुद्धा नाही. ती हसली होती. आमच्यात असं चालतं. ती काहीतरी सांगते, मी त्याला टाचणी लावतो, ती हसते आणि उठते. पण आज उठताना ती पलंगाच्या कठड्याला धरून उठली. तिचे गुडघे दुखतात हे मला माहीत आहे. पण ती कठड्याला धरते हे मी पहिल्यांदा पाहिलं. "बैठक झाली की येते," म्हणाली.

परत म्हणणं आमच्या घरात आलं तेव्हा ते नियम वगैरे नव्हतं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, ती साधी स्टाफ नर्स होती. एके संध्याकाळी ती घरी आली आणि मोरीशी उभी राहून एकच कप धूत राहिली. नळ चालू, कप स्वच्छ, तरी हात फिरतोच आहे. त्या दिवशी त्यांच्या वॉर्डात एका बाईला दुसऱ्या बाईचं औषध गेलं होतं. सांगणाऱ्याने सांगितलं होतं एक, समजणारीने समजलं होतं दुसरं, दोघंही भली माणसं, आणि दोघांच्यामध्ये जी बाई पडली होती तिला दोन लहान मुलं होती. माझ्या बायकोचा त्यात काही हात नव्हता. ती नुसती पलीकडच्या पलंगाशी होती. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही नळ बंद करता करता. दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा ती दारात येऊन म्हणाली, "येताना लिंबं आणा." मी म्हणालो, "हो." ती म्हणाली, "काय आणाल?" मला वाटलं थट्टा चाललीय. म्हणालो, "हत्ती." ती वाट बघत राहिली. शेवटी मी म्हणालो, "लिंबं." आणि तिने मान हलवली, जशी काही त्या लिंबांवर कुणाची तरी दोन मुलं अवलंबून होती.

मग ते घरभर पसरलं. गॅस बंद केलाय, गॅस बंद केलाय. दाराला कडी, दाराला कडी. आमची मुलगी शाळेत जायला लागली आणि वर्गातल्या बाईंनी विचारलेला प्रश्न आधी परत म्हणून मग उत्तर द्यायला लागली, तेव्हा बाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं की तुमची मुलगी वेळकाढूपणा करते. माझी आई मात्र खूश होती. तिला म्हातारपणी ऐकू येईनासं झालं होतं आणि या घरात सगळे जण सगळं दोनदा बोलतात म्हणून ती सुनेला दुवा द्यायची. तिच्या मते हे सगळं तिच्यासाठीच चाललं होतं. मी एकटा सामील झालो नाही. म्हणजे परत म्हणायचो. पण शेवटच्या त्या 'बरोबर?'ला मी कधी सरळ उत्तर दिलं नाही. "बरोबर?" ती विचारायची. मी म्हणायचो, "मिठू मिठू", किंवा "हुकूम सरकार", किंवा नुसतीच शीळ घालायचो. ती ते 'बरोबर' धरून चालायची. तिच्या साऱ्या राज्यात ही सवलत फक्त मला होती.

रुग्णालयात तिने हे कसं आणलं ते तिच्या तोंडून ऐकण्यासारखं आहे, पण ती सांगत नाही. मला ते एका जुन्या डॉक्टरने सांगितलं. ती नर्सेसची प्रमुख झाली तेव्हा तिने डॉक्टरांना काहीच सांगितलं नाही. भाषण नाही, फलक नाही. ती कँटीनमध्ये गेली. कँटीनवाल्याला तिने पटवलं की डॉक्टरांचा फोन आला की ऑर्डर परत म्हणायची. "तीन चहा, एक बिनसाखरेचा, दुसऱ्या मजल्यावर. बरोबर?" मधुमेह असलेल्या डॉक्टरांना वर्षानुवर्षं गोड चहा येत होता आणि ते तो शिव्या घालत पीत होते. महिन्याभरात बिनसाखरेचा चहा बिनसाखरेचा येऊ लागला. डॉक्टर मंडळी फोनवर आपोआप 'बरोबर' म्हणू लागली, त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं. मग एके दिवशी वॉर्डातल्या नर्सेसनीही परत म्हणायला सुरुवात केली, तेव्हा निम्म्या डॉक्टरांच्या तोंडून 'बरोबर' निघूनच गेलं. मला हे ऐकून तिचा फार अभिमान वाटला. घरी जाऊन मी तिला म्हणालो, "तू कँटीनवाल्यालाच भूलतज्ज्ञ करून टाकलंस." ती हसली आणि उठली.

दुसरा चहा आला होता आणि निवत चालला होता. मला आभार मानायचे होते. ही मला फारशी न होणारी भावना आहे, त्यामुळे ती आल्यावर तिला बसायला कुठे सांगावं हे मला सुचेना. त्या नर्स मुलीचे मानले, तर ती म्हणते मी फक्त परत म्हटलं. डॉक्टरचे मानावेत, तर त्याने ऐकून थांबण्याची माणुसकी दाखवली हे खरं, पण मुळात सांगितलंही त्यानेच. शूर असं कुणी काहीच केलं नव्हतं. कुणी धावलं नव्हतं, कुणाची चप्पल रस्त्यात राहिली नव्हती. एका कंटाळलेल्या मुलीने, जांभई दाबत, पाठ झालेलं एक वाक्य म्हटलं होतं. मी खिडकीबाहेर पाहिलं. खाली गाड्या लावायच्या जागेत एक माणूस आपल्या बायकोला गाडी मागे घ्यायला सांगत होता, "ये, ये, ये, थांब." पलीकडे एक सफाईवाली जिना पुसत होती आणि वरून येणाऱ्यांना भिंतीकडून जायला हाताने खुणावत होती. सगळीकडे काहीतरी न घडवण्याचं काम चाललं होतं. आणि एकाएकी माझ्या ध्यानात आलं की मी अख्खा जन्म असल्याच कामाच्या जिवावर जगलो आहे. मी म्हणजे मला न झालेल्या गोष्टींचा ढीग आहे. त्यातल्या कितीतरी, मोरीपाशी उभ्या राहिलेल्या त्या बाईने, गॅस बंद केलाय का, दाराला कडी आहे का, काय आणाल, असं विचारून विचारून न होऊ दिलेल्या. आणि समोरच्या घड्याळात चार व्हायला आले होते.

तिला फोन करण्यात अर्थ नव्हता. कामाच्या वेळात तिचा फोन खणात असतो. मुलगी उद्या सकाळच्या बैठकीत 'थोडक्यात टळलं' म्हणून हे सांगेलच. तशी त्यांची पद्धत आहे, कुणाला दोष न देता सांगायचं. पण उद्या सकाळपर्यंत तो नियम ऐच्छिक झालेला असेल, आणि ती हो म्हणून, कठड्याला धरून, उठलेली असेल. मी पाय खाली सोडले. पोटात कुणीतरी आतून चिमटा घेतला. सलाईनच्या दांड्याला चाकं असतात हे मी कौतुकाने बघितलं होतं. आता कळलं की त्यातलं एक चाक दुसऱ्याच दिशेला जायचं म्हणतं.

"काका! कुठे निघालात? उठायचं नाहीये तुम्ही!"

"मोठ्या बाईंकडे."

मुलीचा चेहरा उतरला. "काका, तक्रार करू नका ना. सर चांगले आहेत हो. दोन दिवस घरी गेले नाहीत ते."

"तक्रार नाही."

"मग?"

"मग काही नाही. तू दांडा धर."

तिने दांडा धरला. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की ती मनातल्या मनात परत म्हणतेय: मोठ्या बाईंकडे जायचं, तक्रार नाही, दांडा धरायचा. आम्ही निघालो. रुग्णालयाचा झगा मागून बंद बांधायचा असतो आणि माझे बंद सुटलेले होते, हे मला लिफ्टच्या आरशात पाठमोरं वळताना कळलं. एका हातात सलाईन, दुसरा पोटावर. मागे धरायला तिसरा हात नव्हता. लिफ्टमध्ये फुलांचा गुच्छ घेतलेल्या एक आजी होत्या. त्या मुद्दाम फुलांकडे बघत राहिल्या. वाटेत मी काय बोलायचं ते जमवत होतो. चांगली वाक्यं सुचत होती. 'तुझ्या मिठूने माझं प्राणपाखरू पिंजऱ्यात ठेवलं.' 'आमच्या कंपनीच्या वतीने तुझा दावा मंजूर.' हे दुसरं तर फारच जमलं होतं. ती हसली असती. हसून आत गेली असती आणि हो म्हणाली असती.

बैठकीची खोली बोळाच्या टोकाला आहे. दार उघडं होतं, आत खुर्च्या सरकत होत्या. ती दाराबाहेर उभी राहून चष्मा पदराने पुसत होती. आतून मोठ्या सर्जनचा आवाज आला, "या बाई, तुमचाच विषय पहिला घेऊन टाकू, दोन मिनिटांचं काम." ती "आले" म्हणाली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिला मी दिसलो.

"अहो! हे काय? कुणी उठवलं यांना?" मुलगी दांड्याच्या मागे गेली.

"मीच उठलो."

"काय होतंय? दुखतंय का? ताप..."

"ऐक," मी म्हणालो. धाप लागली होती. ते जमलेलं वाक्य जिभेवर येऊन बसलं होतं. मी ते गिळलं. घसा मोकळा होता. हवा आत येत होती, बाहेर जात होती, कुठेही अडकत नव्हती. "आज दुपारी डॉक्टरांनी फोनवर मला शेजारच्यांचं इंजेक्शन सांगितलं. पेनिसिलिनच्या घरातलं. या मुलीने परत म्हटलं. त्यांनी ऐकलं आणि थांबवलं. म्हणून मी इथे उभा आहे."

तिचा चेहरा हलला नाही. तो कामाचा चेहरा होता; मी तो घरी कधी पाहिला नव्हता. तिने मुलीकडे पाहिलं. मुलीने मान हलवली. आतून पुन्हा "बाई?" अशी हाक आली. माझ्या बाजूने वळून ती माझ्या मागे गेली आणि तिने झग्याचे सुटलेले बंद हातात घेतले. तिची बोटं थंड होती. वरचा बंद बांधताना ती हळू आवाजात म्हणू लागली, कुणाला ऐकवायला नाही, सवयीने:

"आज दुपारी. फोनवर. शेजारच्यांचं इंजेक्शन. पेनिसिलिनच्या घरातलं." तिने दुसरा बंद घेतला. "मुलीने परत म्हटलं. डॉक्टरांनी ऐकलं आणि थांबवलं. म्हणून तुम्ही..."

बंद ओढला गेला नाही. बोटं गाठीवर तशीच थांबली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. समोर भिंत होती, भिंतीवर माझ्या दांड्याची सावली होती, आणि मुलगी जमिनीकडे बघत होती.

"...म्हणून तुम्ही इथे उभे आहात," ती माझ्या पाठीमागून म्हणाली, आणि वाट बघत राहिली.

"बरोबर," मी म्हणालो.